हाडातली नळी रात्री कोण बघणार? आरोग्य खात्याला आणि ऑर्थोच्या सरांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, जनआरोग्य योजना बघणारे अधिकारी, आणि राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत हाडांची ऑपरेशनं करणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी रिटायर्ड परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर, आहे. नोकरीतली बरीच वर्षं ऑर्थोच्या सेप्टिक वॉर्डात, पू झालेल्या पेशंटच्या वॉर्डात, गेली, म्हणजे जिथे कोणी हौसेने बदली मागत नाही आणि मंत्री आले की ज्या वॉर्डाचं दार लावून घेतात तिथे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण तक्रार एका हॉस्पिटलची नाहीच, माझ्याबरोबरच्या मुली आज ज्या ज्या जिल्ह्यात आहेत तिथून थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं.

विषय असा, की हाडाला पू झालेल्या पेशंटचं ऑपरेशन झालं की आत नळ्या ठेवून एकीकडून अँटिबायोटिकचं पाणी सोडायचं आणि दुसरीकडून ओढून काढायचं, ज्याला आपण वॉर्डात नुसतं "इरिगेशन चालू आहे" म्हणतो, ते. आता त्यात नवीन पंप आलेत, निगेटिव्ह प्रेशरची, म्हणजे ओढून घेणारी, मशिनं आलीत जी स्वतःच पाणी सोडतात, थोडा वेळ थांबतात आणि परत ओढतात. कंपनीची माणसं डेमो देऊन जातात, सरांना आवडतं, आवडण्यासारखं आहेच, आणि मग खरेदीची फाईल हलायला लागते. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या फाईलमध्ये मशीनच्या किमतीखाली अजून एक ओळ लिहा, की हे चोवीस तास बघायला माणूस कुठून येणार. ती ओळ भरता येत नसेल तर मशीन घेऊ नका, साधी सलाईनची बाटली आणि दोन नळ्या परवडल्या, निदान त्या बंद पडल्या तर डोळ्याला दिसतं तरी.

हे पत्र पेशंटचे घरचेही वाचतील म्हणून थोडं सविस्तर लिहिते, सरांनी हा भाग वगळला तरी चालेल. हाडाचं इन्फेक्शन आपल्याकडे मुख्यतः दोन वाटांनी येतं. एक लहान मुलांचं, रक्तातून आलेलं, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास, मूल तापाने फणफणतं आणि पाय टाकत नाही, घरचे म्हणतात पडला असेल, मुका मार असेल, आणि तेल लावून चोळत बसतात. दुसरं मोठ्यांचं, अपघाताचं. मोटारसायकल घसरली, ट्रॉलीखाली पाय आला, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि त्यात रस्त्याची माती, शेण, चड्डी-पँटचे धागे सगळं गेलं. नडगीला पुढून मांसच नाही, हात लावून बघा, कातडी आणि खाली लगेच हाड, त्यामुळे तिथलं उघडं फ्रॅक्चर सगळ्यात जास्त नासतं. बहुतेक वेळा जंतू असतो स्टॅफायलोकॉकस ऑरियस, जो आपल्या नाकात आणि कातडीवर एरवी गुपचूप बसलेला असतो.

आणि मग प्रॉब्लेम असा होतो की पुवाच्या दाबाने नाहीतर मुळात अपघातानेच हाडाच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा आतल्या आत मरतो, डॉक्टर त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. जंतू त्या मेलेल्या हाडावर किंवा आत बसवलेल्या प्लेटवर, रॉडवर स्वतःभोवती चिकट थर करून राहतात. शिरेतून कितीही भारी इंजेक्शन द्या, ते रक्ताबरोबर जाणार, आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे ते जाणार कसं? म्हणून लोक सांगतात ना की "दहा हजारांची इंजेक्शनं झाली, भोक सुकलं, दोन महिन्यांनी परत वाहायला लागलं", ते त्यामुळे. आधी मेलेलं हाड खरवडून काढायलाच लागतं, निरोगी हाडातून रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. काढलं की आत पोकळी राहते, ती रक्ताने भरते, आणि जंतूंना दुसरं काय हवं. ती पोकळी धुवत राहणं आणि औषध नेमकं तिथेच पोचवणं, हे या नळ्यांचं काम. त्यामुळे हाड नीट न खरवडता नुसत्या नळ्या घालून काही होत नाही, हे सरांनाही माहीत आहे, पण ऑपरेशनच्या लिस्टमध्ये सेप्टिक केस नेहमी सगळ्यात शेवटी असते, आणि तोपर्यंत दुपारचे चार वाजलेले असतात, भूल देणारे मॅडम घड्याळाकडे बघत असतात आणि काम उरकलं जातं, हेही मला माहीत आहे.

आता ही काही आजची आयडिया नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काँपियेनच्या हॉस्पिटलात अलेक्सी कॅरेल नावाचे सर्जन, ज्यांना 1912 मध्ये नोबेल मिळालेलं होतं, आणि हेन्री डेकिन नावाचे इंग्लिश केमिस्ट, या दोघांनी सैनिकांच्या सडलेल्या जखमांमध्ये भोकं पाडलेल्या रबरी नळ्या ठेवून दर दोन तासांनी सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी सोडायला सुरुवात केली, साधारण अर्धा टक्का ताकदीचं. आपल्याकडच्या जुन्या सिस्टरना युसोल आठवत असेल, ब्लीचिंग पावडर आणि बोरिक पावडरचं, ते एडिंबरामधून 1915 च्या सुमाराला आलेलं, त्याच काळातलं त्याच जातीचं औषध. ताजंच वापरायला लागायचं, शिळं झालं की नुसतं पाणी.

पण मला कॅरेलसाहेबांची गोष्ट औषधासाठी नाही सांगायची. त्यांनी केलं काय, तर जखमेतला द्राव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली जंतू मोजायचे, ते चार्टवर मांडायचे, आणि आकडा खाली आला की मगच जखम शिवायची. म्हणजे अंदाजपंचे काही नाही. आणि दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र, हे करत कोण होतं, तर ट्रेनिंग दिलेल्या नर्सेस. कॅरेलसाहेबांची बायको ॲन स्वतः तिथे नर्स म्हणून काम करत होती. आपल्याकडे या पद्धतीतल्या नळ्या आल्या, औषध आलं, पण चार्ट आणि नर्स आली नाही.

पुढे 1945 मध्ये अमेरिकेत स्मिथ-पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखम शिवून टाकून आत नळ्या ठेवून औषध सोडल्याचा पेपर लिहिला, तिथून बंद जखमेत इरिगेशन हा प्रकार सुरू झाला म्हणायला हरकत नाही. दक्षिण आफ्रिकेत लाउटेनबाख यांनी नळीच्या आत नळी असलेल्या दुहेरी नळ्या काढल्या, त्यातून औषध सोडायचं, काही तास आत राहू द्यायचं, मग ओढायचं, आणि बंद कधी करायचं त्याचे नियमच घातले, की आतून येणाऱ्या द्रवाचे कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, ओळीने तीनदा निगेटिव्ह यायला हवेत, रक्ताचे रिपोर्ट सुधारायला हवेत आणि पोकळीत मावणारं पाणी कमी कमी होत जायला हवं, म्हणजे पोकळी भरून येतेय. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये याच पद्धतीवर लिहिलं, पेशंट होते 17. हल्ली जपानमध्ये अजून वेगळं करतात, भरपूर पाण्याने धुण्याऐवजी हाडाच्या पोकळीत सुईवाटे जेंटामायसिन हे अँटिबायोटिक अगदी हळूहळू सोडतात, तासाला दोन मिली, सिरिंज पंपाने, आणि दुसरीकडून निगेटिव्ह प्रेशरने ओढत राहतात. आता विचार करा, तासाला दोन मिली. पंप रात्री दोन वाजता थांबला, अलार्म वाजला, आणि सिस्टर त्या वेळी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन लावतेय, तर सकाळपर्यंत काय राहिलं त्या ट्रीटमेंटचं?

नळ्या रात्री काय करतात ते एकदा लिहितेच, कारण राऊंड सकाळी असतो आणि सकाळी सगळं पुसून-बदलून ठेवलेलं असतं.

पहिले एक-दोन दिवस आतून रक्त येत असतं. गुठळी बाहेरच्या नळीत अडकते. पाणी आत जायचं थांबत नाही, बाटली उंच टांगलेली आहे, ते येतच राहतं. मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला तर काय होईल, तेच पायात होतं. आधी टाक्यांमधून पाणी झिरपतं, ड्रेसिंग भिजतं, मग गादी भिजते, आणि वाट मिळाली नाही तर पोटरीच्या मांसात शिरतं, पाय ताठ होतो. कधी पेशंट कूस बदलतो आणि नळी मांडीखाली दबते. कधी सक्शनचा चिमटलेला डबा फुगून भरतो आणि रिकामा करून परत दाबला नाही की ओढच संपते, नळी दिसायला जागेवर, काम शून्य. हे सगळं अर्ध्या मिनिटात कळतं, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते दर तासाला लिहिलं तर. पाचशे गेलं आणि दोनशे आलं, लगेच आतलं बंद करा, नळी मिल्क करा, म्हणजे बोटांनी पिळत गुठळी पुढे सरकवा, डॉक्टरांना बोलवा. एवढंच शास्त्र आहे. पण ते दर तासाला कोणीतरी बेडजवळ येऊन लिहायला लागतं.

एक मुलगा होता ऊसतोडीच्या टोळीतला, ट्रॉलीखाली पाय आलेला, नडगी. सोबत आई. सकाळी मी चार्ज घेतला तर मुलाच्या पायाखाली लुगड्याच्या घड्या घातलेल्या, एकावर एक, खालच्या ओल्याचिंब आणि वरची बऱ्यापैकी कोरडी. बाहेरची नळी बंद, डबा रिकामा, पोटरी दगडासारखी, आणि मुलगा दात आवळून गप्प. आईला विचारलं तर काही बोलेना. मग हळूच सांगितलं, "एवढा घोडा झालाय, अंथरुणात केलं, कुणाला कसं सांगू, रातच्या बाई तर पळतच हुत्या." तिला वाटलं पोराने लघवी केली. रात्रभर ती माऊली कापड बदलत राहिली, लाजेने कोणाला हाक मारली नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की त्या बाटलीतलं पाणी कुठे जातं आणि कुठून बाहेर यायला हवं. आणि रात्रीची मुलगी खरंच पळतच होती, सगळ्या वॉर्डाला ती एकटी, त्यात दोन नवीन ॲडमिशन आणि एक एमएलसी, म्हणजे पोलीस केस. तिला दोष द्यायला मी तयार नाही. मुलाचा पाय वाचला, पण परत ऑपरेशनला न्यायला लागला.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डाला तीन पेशंटमागे एक नर्स आणि साध्या हॉस्पिटलला पाचामागे एक, असं कागदावर आहे. रात्री कुठल्याही सरकारी ऑर्थो वॉर्डात जाऊन उभे राहा आणि स्वतः मोजा, मी आकडा सांगत नाही. आणि मुळात इरिगेशनचा पेशंट जनरल वॉर्डातला धरायचाच कशाला? पहिले तीन दिवस तरी तो हाय डिपेंडन्सीचा, म्हणजे सतत लक्ष ठेवायचा, पेशंट आहे. आम्हाला आयसीयू नकोय. सेप्टिक वॉर्डाच्या एका कोपऱ्यात चार बेडचं क्युबिकल करा, नळ्यांचे पेशंट तिथे एकत्र ठेवा, आणि प्रत्येक ड्युटीला त्या चार बेडसाठी एक अधिपरिचारिका, म्हणजे ड्युटीवरची सिस्टर, द्या जिला त्या ड्युटीत दुसरीकडे बोलवायचं नाही. "जरा इकडे ये गं" हे वाक्य तिला कोणी म्हणायचं नाही, मेट्रननेसुद्धा नाही.

आता सरांसाठी थोडं, रागावू नका. तुम्ही राऊंडला केसपेपरवर "कंटिन्यू इरिगेशन" लिहिता आणि पुढच्या बेडला जाता. कंटिन्यू म्हणजे काय? किती मिली, किती तासात, औषध आत किती वेळ राहू द्यायचं, त्यासाठी बाहेरची नळी किती मिनिटं बंद ठेवायची, आत-बाहेर किती फरक पडला की तुम्हाला फोन करायचा, हे लिहिलेलं नसेल तर तीन ड्युटीच्या तीन सिस्टर तीन प्रकारे करतात आणि तिघीही ऑर्डरप्रमाणेच करत असतात. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, पेशंट बाहेर येतो तेव्हा चार नळ्या लोंबत असतात, कुठली आत जाणारी, कुठली बाहेर येणारी, कुठलं नुसतं ड्रेन, काही कळत नाही. ओटीतच नळीला चिकटपट्टी लावून "आत" आणि "बाहेर" लिहायला किती वेळ लागतो? आणि केसपेपरवर पायाचं साधं चित्र काढा, पोरासोरांचं काढतो तसं, त्यावर नळ्या दाखवा. एक रेसिडेंट असं चित्र काढायचा, अक्षर भयानक पण चित्र सुरेख, त्याच्या पेशंटच्या नळ्या क्वचितच घोटाळा करायच्या.

याहून भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इरिगेशनची बाटली ही शिरेतून द्यायच्याच सलाईनची बाटली असते, सेट तोच, टोक तेच, आणि ते टोक हातातल्या इंट्राकॅथला, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीला, बरोबर बसतं. पायात जायचं ते हातात जाऊ शकतं, बाटली बदलणारा दमलेला माणूस असेल आणि लाईट गेलेली असेल तर जाऊच शकतं. म्हणून आम्ही पायाकडे वेगळा स्टँड ठेवायचो आणि बाटलीवर लाल शाईने ठळक लिहायचो, "पायाचं पाणी, शिरेतून नाही". हे एखाद्या सिस्टरच्या सवयीवर सोडू नका, नियम करा. ज्याचं टोक इंट्राकॅथला बसणारच नाही असा वेगळ्या रंगाचा सेट खरेदीत घालता आला तर मशीनपेक्षा कितीतरी स्वस्तात माणसं वाचतील.

बाटलीत घालायचं काय, हाही घोळ आहेच. प्रत्येक युनिटचं वेगळं. एका सरांचं जेंटा, दुसऱ्यांचं अजून काही, तिसरे दोन-तीन एकत्र करतात. जखमेतून औषध रक्तात जात नाही असा एक गैरसमज आहे, तो काढून टाका. जखम धुवायला वापरलेल्या निओमायसिन या अँटिबायोटिकने पेशंट बहिरे झाल्याचं वैद्यकीय जर्नलांमध्ये छापून आलेलं आहे. जखमा धुवायला सर्रास वापरलं जाणारं बॅसिट्रासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, एफडीएने, 2020 मध्ये कंपन्यांना बाजारातून काढून घ्यायला सांगितलं, किडनी आणि जीवघेणी ॲलर्जी या कारणांनी. मग आपल्याकडे जेंटाचं पाणी चालू असलेल्या म्हाताऱ्या, शुगरच्या पेशंटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, दोन-तीन दिवसांनी बघायला नको? आणि त्याला रोज विचारायला नको का, "बाबा, कानात आवाज येतो का, चक्कर येते का?" विचारायला पैसे पडत नाहीत. पेशंट आपण होऊन सांगत नाही, त्याला वाटतं वयाचं असेल.

आणि मोठ्या प्रेशरच्या मशीनचं म्हणाल तर उघड्या फ्रॅक्चरच्या पहिल्या धुलाईवर फ्लो नावाचा मोठा अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला, अडीच हजारांच्या आसपास पेशंट, आणि त्यात भारतातली हॉस्पिटलंसुद्धा होती. त्यात काय निघालं, तर पाणी जोरात मारा की हळू मारा, परत ऑपरेशन लागण्याच्या प्रमाणात फरक नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेल्यांना मात्र साध्या सलाईनपेक्षा जास्त वेळा परत टेबलावर घ्यावं लागलं. साधं, स्वस्त, हळू सोडलेलं सलाईन. हा अभ्यास जुन्या हाडाच्या इन्फेक्शनवरचा नाही हे मला कळतं, पण खरेदी समितीत "हाय प्रेशर" शब्द ऐकून मान हलवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

कल्चरबद्दल बोलले नाही तर हे पत्र अर्धवट राहील. बाहेरच्या भोकातून कापसाची काडी फिरवून पाठवलेला स्वॅब म्हणजे बहुतेक वेळा कातडीवरच्या जंतूंचा रिपोर्ट. खोल हाडाचे तुकडे हवेत, वेगवेगळ्या जागचे, वेगवेगळ्या निर्जंतुक डब्यांत, चार-पाच तरी, आणि पेशंट स्टेबल असेल तर आधी दोनेक आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवून. आमच्याकडे येणारा पेशंट मात्र गावच्या डॉक्टरकडून, मग तालुक्याच्या डॉक्टरकडून, मधे हाडवैद्याकडून असं करत तीन प्रकारची अँटिबायोटिक्स खाऊन येतो आणि ॲडमिट झाल्याझाल्या चौथं चालू होतं, मग सॅम्पल जातं, मग रिपोर्ट येतो "नो ग्रोथ" आणि सगळे खूश. शनिवारी दुपारी घेतलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत कुठे राहतं तेही कधीतरी विचारा. एक तुकडा टीबीसाठी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीला, आणि एक बायोप्सीला गेलाच पाहिजे, आपल्या देशात हाडातून वाहणारा पू टीबीचा असू शकतो हे विसरून चालतच नाही. आणि टीबी नाही याची खात्री करायच्या आधीच प्लेटच्या इन्फेक्शनला रिफाम्पिसिन, जे टीबीचंही औषध आहे, चालू केलं तर दोन्हीकडून पंचाईत, टीबी झाकला जातो आणि औषधाला दाद न देणारा होण्याची भीती वेगळीच.

नळी काढायची कधी, तेही सांगा. ऑपरेशनच्या दिवशीच केसपेपरवर तारीख घाला. सर सुट्टीवर गेले, युनिट बदललं, रेसिडेंटची परीक्षा आली, आणि नळी राहिली, असं होतं. बाहेरून आत जाणारी नळी म्हणजे जंतूंना रस्ताच, जास्त दिवस ठेवली की स्टॅफायलोकॉकस जातो आणि स्यूडोमोनास नावाचा दुसरा जंतू येऊन बसतो. त्याचा हिरवा डाग आणि तो गोडसर वास सेप्टिक वॉर्डात काम केलेल्या कोणालाही लांबून कळतो, रिपोर्ट यायच्या आधी. लाउटेनबाखच्या पद्धतीत बंद करायचे नियम आहेत, तुम्ही तुमचे करा, पण काहीतरी नियम असू द्या.

आता जनआरोग्य योजनेच्या साहेबांकडे येते. योजना चांगली आहे, माझ्या डोळ्यासमोर कित्येकांचे पाय योजनेमुळे वाचले, नाहीतर घर विकायला लागलं असतं. पण पॅकेज ऑपरेशनचं आहे, आणि डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या दहा दिवसांपुरत्या धरलेल्या आहेत. हाडाच्या इन्फेक्शनला अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे लागतं, हे प्रत्येक पुस्तकात आहे. मग अकराव्या दिवसापासून पुढचं कोणी द्यायचं? जिल्ह्याच्या ठिकाणी यायला एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडालेली, सोबतच्याचीही, आणि खिडकीवर उत्तर मिळतं की ही गोळी बाहेरून घ्या. तो नाही घेत. का घेईल, जखम तर वरून सुकलेली दिसतेय. मग तीन महिन्यांनी परत भोक, परत ॲडमिशन, परत पॅकेज, परत नळ्या. तुमच्याच हिशोबाने बघा, सहा आठवड्यांच्या गोळ्या महाग की दुसरं ऑपरेशन?

आणि गोळ्या म्हणतेय ते मुद्दाम. ब्रिटनमध्ये ओव्हिवा नावाचा अभ्यास झाला, 2019 मध्ये आला, 1054 पेशंट, हाडाच्या आणि सांध्याच्या इन्फेक्शनचे. पहिले सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन देणं आणि योग्य निवडलेल्या गोळ्या देणं, दोन्हीचा निकाल वर्षभराने सारखाच. म्हणजे ऑपरेशन व्यवस्थित झालं, कल्चरमध्ये जंतू सापडला, त्याला चालणारी गोळी असली, तर केवळ इंजेक्शनसाठी माणसाला सहा आठवडे खाटेवर अडकवून ठेवायची गरज नाही. त्याचा बेड दुसऱ्याला मिळेल. पण मग गोळी पूर्ण सहा आठवड्यांची एकदम किंवा दोन हप्त्यांत हातात द्या, पीएचसीवर, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर, द्या, आणि लिनेझोलिडसारखी असेल तर दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिथेच करून द्या कारण दोन आठवड्यांच्या पुढे ती गोळी रक्ताच्या पेशी कमी करते. टीबीची औषधं गावागावात पोचवायला आपल्याला जमतं की, आशाताई घरी जाऊन बघते. मग हाडाच्या पेशंटची यादी त्याच आशाताईला दिली, अर्थात तिच्या मोबदल्यासकट, तर आभाळ कोसळेल काय?

नातेवाइकांनाही कामाला लावा, पण नीट सांगून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं बसवून दाखवायचं, ही बाटली, ही नळी, पाणी इथून जातं इथून येतं, गादी ओली झाली, पाय टणक लागला, पेशंटला थंडी वाजली, डबा फुगला, यातलं काही झालं तर लाजायचं नाही, ओरडायचं. मुंग्या आल्या म्हणाला तरी ओरडायचं. रात्री ओरडलं म्हणून कोणी रागावणार नाही हे आम्ही स्वतः सांगायचो, आणि खरं सांगू का, पहिल्या रात्री चार खोटे अलार्म व्हायचे, दुसऱ्या रात्रीपासून त्या बायका आमच्या रेसिडेंटपेक्षा बरं बघायच्या. मात्र याचा अर्थ चार्ट नातेवाइकाने भरायचा असा काढू नका, काही ठिकाणी तो काढलेला आहे.

मोठी मागणी काही नाही यात. चार बेडचं क्युबिकल आणि त्याची वेगळी सिस्टर. छापील तासातासाचा चार्ट. नळ्यांवर नावं आणि बाटलीवर लाल लेबल. खोल कल्चर, टीबीची तपासणी धरून, अँटिबायोटिकच्या आधी. नळी काढायची तारीख. सहा आठवड्यांची औषधं पॅकेजमध्ये. यातलं पहिलं आणि शेवटचं सोडलं तर बाकी उद्या सकाळी चालू करता येईल, कुठल्या मंजुरीची वाट न बघता, सिव्हिल सर्जनने एक पत्रक काढलं की झालं. पहिल्यासाठी पदं भरायला लागतात, शेवटच्यासाठी योजनेचे नियम बदलायला लागतात, ते तुमच्या हातात आहे, आमच्या नाही.

तासातासाचा चार्ट माझ्याकडे तयार आहे, एका पानाचा, मराठीत, दोन्ही बाजूंचे आकडे आणि फरकाचा रकाना, खाली फोन कधी करायचा ते. कित्येक वर्षं वापरून, खाडाखोड करून त्याचा आजचा आकार झालाय. कुठल्याही अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, हवा असेल तर घ्या, झेरॉक्स काढा, माझं नाव वगैरे काही नको. आणि पुढच्या वेळी पंपाचा डेमो असेल तेव्हा नाईट ड्युटी करणाऱ्या एका सिस्टरला त्या खोलीत खुर्ची देऊन बसवा आणि कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न तिनेच विचारायचा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका